चिनी युद्धकला शिकायची आहे? आधी शिक्षक शोधा, शैली नंतर

सरावाला येऊ म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात भारी शैली कुठली? वडगाव-शहापूरची पोरं विचारतात, उद्यमबागेत माझ्या शेजारच्या लेथवर काम करणारे विचारतात, खानापूरहून फोन करणारेही तेच विचारतात. मी त्यांना उलट विचारतो. तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर शिकवणारं कोण आहे? आणि आठवड्यातले किती दिवस तुम्ही न चुकता जाल?

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या आपल्या पट्ट्यात पारंपरिक चिनी युद्धकला मन लावून शिकवणारे थोडेच आहेत. त्यामुळे मनात एक शैली धरून मग तिचा शिक्षक शोधायला निघालात, तर बहुतेक वेळा मोबाइलवरचे व्हिडिओच हाती लागतील. व्हिडिओ बघून हात कुठं न्यायचा ते कळतं. गुडघा आत पडलाय, टाच उचललीय, खांदा कानाला लागलाय हे मात्र समोर उभा असलेला माणूसच सांगू शकतो. साधी शैली आणि चांगला शिक्षक मिळत असेल तर डोळे मिटून ते घ्या. नावाजलेली शैली आणि कच्चा शिक्षक असेल तर तिकडं फिरकू नका.

तरीही कुठल्या शैलीत काय असतं याचा अंदाज हवा, म्हणजे वर्गात गेल्यावर आपण काय बघतोय ते समजेल.

शाओलिनचं नाव सगळ्यांना माहीत असतं. हेनान प्रांतातल्या सोंगशान डोंगरावरचा हा मठ इ. स. ४९५ मध्ये बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी उभारला गेला. तिथल्या भिक्षूंनी ६२१ च्या लढाईत पुढं सम्राट झालेल्या ली शिमिनला मदत केली, आणि ती हकीकत ७२८ साली मठात उभारलेल्या शिलालेखावर कोरलेली आहे. बोधिधर्मानं भारतातून जाऊन तिथं कुंग फू शिकवली, असं आपल्याकडं छाती फुगवून सांगतात. ती दंतकथा आहे. ज्या व्यायामग्रंथावर तिचा डोलारा उभा आहे, तो १७व्या शतकातला आहे, म्हणजे बोधिधर्माच्या हजारेक वर्षांनंतरचा. भारताचा संबंध बातुओमुळे तसाही पक्का आहे, त्याला दंतकथेचा टेकू लागत नाही. शाओलिन आणि उत्तरेकडच्या इतर लांब पल्ल्याच्या शैलींत उड्या, उंच लाथा, मोठी पावलं असतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना त्या फार मानवतात. चाळिशीत नव्यानं सुरू करणाऱ्यांनी उड्यांचा भाग शिक्षकाशी बोलून बाजूला ठेवावा.

दक्षिणेकडची हुंग गार ही खाली बसून, जमीन धरून लढायची शैली. वाघ आणि करकोचा यांच्या हालचालींवर बेतलेला तिचा संच, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचालींची मालिका, प्रसिद्ध आहे. वोंग फेई-हुंग या ग्वांगडोंगच्या वैद्य-उस्तादामुळं तिचं नाव झालं. तालमीत चार-पाच वर्षं काढलेली पोरं या शैलीत लवकर रुळतात. मांड्या तयार असतात, आणि वस्तादाचं ऐकायची सवय असते.

विंग चुन जवळून लढायची कला आहे. इप मान (१८९३–१९७२) फोशानहून १९४९ मध्ये हाँगकाँगला आले आणि तिथं त्यांनी ती शिकवली. ब्रूस ली त्यांच्याच हाताखाली शिकला. हातानं शिकायचे संच तीनच, आणि त्यातला पहिला तर एका जागी उभं राहून करायचा. दहा बाय दहाच्या खोलीत सराव होतो, म्हणून भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना सोयीची. पण ही एकट्यानं शिकायची गोष्ट नाही. मनगटाला मनगट लावून समोरच्याचा जोर ओळखणं हा तिचा गाभा आहे, आणि त्याला जोडीदार लागतोच.

तायची म्हणजे म्हाताऱ्यांचा व्यायाम, हा समज मला मनापासून खटकतो. हेनानमधल्याच चेनजियागोऊ गावात १७व्या शतकात चेन वांगतिंग यांच्यापासून चेन घराण्याची तायची सुरू झाली असं मानतात. चेन वांगतिंग लष्करी पेशातले होते. संथ चालता चालता एकदम झटक्यात जोर बाहेर काढणं त्या शैलीत आजही शिकवतात. यांग लुचान (१७९९–१८७२) त्या गावात शिकले आणि त्यांच्यापासून यांग शैली निघाली, ती अधिक एकसंध आणि मोठ्या हालचालींची. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगानं यांग शैलीवरून २४ हालचालींचा छोटा संच बांधला. पाच-सहा मिनिटांत तो होतो, आणि जगभर नवशिके बहुधा तिथूनच सुरुवात करतात. युनेस्कोनं तायचीला २०२० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. साठीतल्या काका-काकूंना मी २४ चाच संच सुचवतो. पंचविशीतल्या पोरानं तायची निवडली तर त्यानं 'तुई शौ', म्हणजे जोडीनं ढकलाढकलीचा सराव, शिकवणाराच शिक्षक बघावा. तो नसेल तर निम्मी तायची हाती येते.

आणखी दोन शैली: शिंग यी सरळ रेषेत पाच प्रकारच्या ठोशांनी पुढं घुसते, बागुआ वर्तुळात चालत चालत लढते. दोन्ही सुंदर, पण आपल्या भागात शिक्षक मिळणं कठीण.

आणि वुशू? तो आधुनिक स्पर्धेचा खेळ. त्यात संचांची स्पर्धा वेगळी आणि सांडा, म्हणजे प्रत्यक्ष लढत, वेगळी. मणिपूरच्या रोशिबिना देवीनं हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सांडात रौप्यपदक मिळवलं, तेव्हापासून मुलींचे आईवडीलही चौकशी करू लागलेत. मेडल, क्रीडा कोटा हे मनात असेल तर सरळ वुशूच्या वर्गात जा. पारंपरिक शाळेत जाऊन मेडलची वाट बघू नका.

आता वर्ग कसा पारखायचा ते सांगतो, कारण पैसे आणि गुडघे दोन्ही इथंच वाया जातात. नाव घालण्याआधी एक पूर्ण तास कडेला बसून बघायची परवानगी मागा. जो शिक्षक बघू देत नाही, त्याच्याकडं जाऊ नका. बसल्यावर शिक्षकाकडं कमी आणि दोन-तीन वर्षं झालेल्या विद्यार्थ्यांकडं जास्त बघा. ते कसे उभे राहतात? त्यांचे गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं आहेत का? शिक्षक फिरून प्रत्येकाचा पाय, कंबर, खांदा हात लावून नीट करतो, की पुढं उभा राहून नुसती शिट्टी फुंकतो? तासात जोडीचा सराव किती वेळ होतो? सगळा तास हवेत हात मारण्यात गेला तर ती कवायत झाली.

मग शिक्षकाला आदरानं विचारा, “सर, तुम्ही कुणाकडं शिकलात?” चिनी परंपरेत हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. गुरूचं नाव, गुरूच्या गुरूचं नाव सांगण्यात तिथं अभिमान असतो. आपल्या तालमीतही वस्ताद कोणाचा पठ्ठ्या हे सगळ्या गावाला ठाऊक असतंच की. उत्तर गोलगोल आलं तर सावध व्हा. फलकावर कुंग फू आणि आत कराटेच्या काता, म्हणजे कराटेचे संच, असंही बघायला मिळतं. कराटे वाईट नाही, पण तुम्ही ज्याचे पैसे भरताय ते मिळायला हवं. हात न लावता नुसत्या 'ची'नं, म्हणजे अंगातल्या शक्तीनं, माणूस पाडून दाखवतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

पालक हमखास बेल्टचं विचारतात. रंगीत बेल्टची पद्धत जपानी ज्यूडोतून आली. जुन्या चिनी शाळांत ती नव्हती. चीनमध्ये १९९८ पासून नऊ पायऱ्यांची दर्जा-पद्धत आहे, पण पुष्कळ पारंपरिक शिक्षक ती वापरत नाहीत. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, नवा पट्टा, प्रमाणपत्रासोबत फोटो असं चक्र दिसलं तर मुलाला एकदा नुसतं उभं राहून दाखवायला सांगा. ते काय शिकलंय ते तिथंच कळतं.

कारण पहिले काही महिने काम पायांचंच असतं, आणि त्यात मुख्य 'माबू', म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं उभं राहणं. मी ते असं शिकवतो. दोन्ही पाय जुळवून उभे राहा. बोटं बाहेर फिरवा, मग टाचा बाहेर, पुन्हा बोटं, पुन्हा टाचा. पाय खांद्यांपेक्षा चांगले रुंद झाले की थांबा आणि बोटं समोर आणा. आता मागं खुर्ची ओढलीय असं समजून खाली या, पण कमरेतून पुढं वाकू नका. माकडहाड जमिनीकडं, डोकं आढ्याकडं. खाली बघा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. आत पडत असेल तर थोडं वर या, रेष सापडेपर्यंत. वजन टाचेवरही नको, चवड्यावरही नको, सगळ्या तळव्यावर. मुठी कमरेला, श्वास नाकानं, पोटातून. नव्या माणसानं उंचच उभं राहावं. मांडी जमिनीला समांतर व्हायला वर्ष लागलं तरी चालेल. सुरुवात अर्ध्या मिनिटानं करा, आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवा.

मांडी थरथरली, जळजळली, तर ते बरोबर आहे. गुडघ्याच्या सांध्यात टोचलं तर लगेच उठा. हा फरक पहिल्या दिवशी शिका, नाहीतर सहा महिन्यांनी हाडांच्या डॉक्टरकडं रांगेत बसाल. आमच्या फाउंड्रीतली पोरं आठ तास उभी असतात, त्यांचे गुडघे आधीच दमलेले असतात. त्यांना मी शिफ्ट सुटल्या सुटल्या माबू करू देत नाही. आधी दहा मिनिटं चाल, घोटा आणि खुब्याचे फेरे, मग उभं राहणं. दोन-दोनशे बैठका मारणारे गडीही माबूत मिनिटभरात कापायला लागतात. बैठकीत मांडी उठता-बसता सुटते, इथं ती सुटतच नाही.

माबू जमला की 'गोंगबू' येतो: पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ. मग एका पायावर वजन, एक पाय लांब पसरून बसणं, पाय आडवे टाकून बसणं, अशा पाच उभ्या-बैठ्या स्थिती जोडून एक छोटा संच होतो. आमच्याकडं अंक मोजायची पाळी हुक्केरीच्या पोरावर आली की “ओंदू, एरडू, मूरू” सुरू होतं, आणि मराठी पोरं त्याच ठेक्यावर पाय टाकतात. बरं वाटतं ते ऐकायला.

हत्यारांची घाई करू नका. चिनी उस्तादांच्यात म्हण आहे की काठीला महिना, तलवारीला वर्ष आणि भाल्याला जन्म लागतो. पण तो महिना हात-पाय तयार असलेल्याचा. शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी-दांडपट्टा फिरवणाऱ्या आपल्या मुलांचं मनगट सुटं असतं, त्यांना काठी लवकर येते. तरी त्यांनाही फिरवण्याआधी रोखणं आणि टोचणं शिकावं लागतं. काठी आपल्या भुवईइतकी उंच घ्या. पोकळ बांबू आपटला की चिरतो आणि चिरफळी डोळ्यात जाते, म्हणून भरीव बघून घ्या. तलवार लाकडीच. धारदार हत्यार घेऊन रस्त्यानं जाल तर पोलीस विचारतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

जागा आणि बूट यांचंही सांगतो. पातळ, सपाट तळाचे कॅनव्हास बूट घ्या. धावायच्या बुटांची जाड टाच पायाला जमीन कळू देत नाही. आपल्याकडं जून ते सप्टेंबर मैदानाचा नुसता राडा होतो. निसरड्या मातीत वळताना गुडघा पिळतो, तेव्हा पावसाळ्यात देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा विचारून ठेवा. नुसत्या सिमेंटवर उड्या मारू नका. डिसेंबरच्या सकाळी अंग गरम व्हायला दुप्पट वेळ द्या.

जवळपास शिक्षकच नसेल तर? तालमीत जा. वस्तादांना खरं सांगा की पुढं चिनी युद्धकला शिकायची आहे, तोवर अंग तयार करायचंय. कुणी नाही म्हणणार नाही. मातीत पडायला, उठायला, दुसऱ्याचा जोर अंगावर घ्यायला जे शिकाल ते कुठल्याही शैलीत कामाला येतं. दरम्यान कोल्हापूर, गोवा, पुणे इथं चौकशी करा. महिन्यातून एक रविवार जाऊन शिकायचं आणि उरलेले दिवस घरी तेवढंच घासायचं, असं करणारे आहेत, आणि रोज वर्गाला येऊन गप्पा मारणाऱ्यांपेक्षा ते पुढं गेलेत.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचा. दोन तास आधीपासून जड खाऊ नका. अंगठी, घड्याळ, कडं काढून पिशवीत ठेवा, नखं कापलेली हवीत. समोर गेल्यावर उजवी मूठ डाव्या तळव्याला लावून छातीसमोर धरा, हा तिथला नमस्कार. आणि पाठीचं, गुडघ्याचं जुनं दुखणं, रक्तदाब, झालेलं ऑपरेशन, जे काही असेल ते सराव सुरू व्हायच्या आत शिक्षकाच्या कानावर घाला.