नवजात कक्षातली पहिली रात्रपाळी: कोकणात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी

रात्री ड्यूटी घेतलीत की फाइल उघडण्याआधी प्रत्येक बाळाला हात लावा. हाताच्या पाठीने आधी पोट, मग तळपाय. दोन्ही ऊबदार असतील तर ठीक. पोट गरम पण तळपाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार लागले तर काखेत थर्मामीटर लावा आणि तिथून हलू नका. तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस हवं. गार पडलेलं बाळ ऊब टिकवायला साखर आणि ऑक्सिजन दोन्ही खर्च करतं. म्हणून मध्यरात्री साखर उतरलेली किंवा धाप वाढलेली दिसते, तेव्हा बऱ्याचदा मूळ दोन तास आधीच्या गारठ्यात असतं.

पावसाळ्यात इथे या गारठ्याचं एक साधं कारण असतं: दुपटी वाळत नाहीत. जुलैमध्ये वॉर्डाच्या मागच्या दोरीवरचं दुपटं हाताला कोरडं वाटतं, पण गालाला लावून बघा, गारवा कळतो. अशा दुपट्यात गुंडाळलेलं दीड किलोचं बाळ झपाट्याने ऊब घालवतं. प्रसूतीचा फोन आला की दोन दुपटी आणि टोपरं आधीच वॉर्मरखाली (बाळाला ऊब देणाऱ्या हीटरखाली) तापत ठेवा. एका दुपट्याने बाळ पुसायचं, ते ओलं दुपटं लगेच बाजूला काढायचं आणि दुसऱ्यात घ्यायचं. ओलं दुपटं तसंच खाली राहणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक.

वॉर्मर सर्व्हो मोडवर असेल, म्हणजे बाळाच्या तापमानानुसार हीटर आपोआप कमी-जास्त होत असेल, तर प्रोबवर, म्हणजे बाळाच्या त्वचेला लावलेल्या तापमानाच्या सेन्सरवर, लक्ष हवं. तो पोटाच्या उजव्या वरच्या भागावर, हाडावर नाही, नीट चिकटलेला असावा. प्रोब सुटला तर मशीनला बाळ गार वाटतं, हीटर जोरात चालतो आणि बाळ तापतं. बाळ प्रोबवर पालथं झोपलं तर उलट होतं. म्हणून स्क्रीनवरचा आकडा बरोबर असला तरी काखेतलं तापमान घ्यायचंच.

आता साखर. टाच आधी ऊबदार करा आणि टोचायचं ते टाचेच्या कडेला, मधोमध नाही. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. साखर मोजायच्या स्ट्रिपच्या डबीचं झाकण वापरून झाल्या झाल्या बंद करा. इथल्या दमट हवेत उघड्या डबीतल्या स्ट्रिप खराब होतात आणि आकडा फसवतो. डेसिलिटरला 45 मिग्रॅपेक्षा कमी आलं आणि बाळ थरथरत असेल, निपचित असेल, श्वास थांबवत असेल किंवा झटका आला असेल, तर 10 टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) किलोमागे 2 मिली शिरेतून द्या. लगेच पाठोपाठ चालू ड्रिप लागते, नाहीतर साखर पुन्हा घसरते.

नवे डॉक्टर अडकतात ते इथे. ग्लुकोजचा वेग मिनिटाला किलोमागे 6 मिग्रॅपासून सुरू करायचा असतो. हिशेब असा: डेक्स्ट्रोजची टक्केवारी गुणिले तासाचे मिली, भागिले (वजन गुणिले 6). दोन किलोच्या बाळाला पहिल्या दिवशीचे नेहमीचे किलोमागे 60 मिली, म्हणजे तासाला 5 मिली, 10 टक्के डेक्स्ट्रोज लावलं तर वेग येतो फक्त 4.2. सहा मिळवायला तासाला 7.2 मिली लागतं, म्हणजे दिवसाला किलोमागे 86 मिली. एवढं पाणी नको असेल तर 12.5 टक्के करा: 10 टक्क्याचे 42 मिली आणि 25 टक्क्याचे 8 मिली मिळून साधारण तेवढंच होतं. हाताच्या शिरेतून याहून दाट देऊ नका. अर्ध्या तासाने साखर पुन्हा तपासा. हा हिशेब कागदावर मांडा आणि सिस्टरना एकदा वाचून दाखवा. रात्री तीनला दशांश चिन्ह सरकतं.

बबल सीपॅपवरच्या (नाकातून हलक्या दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावरच्या) बाळाचे बुडबुडे थांबले तर प्रोंग (नाकात बसवलेल्या छोट्या नळ्या) सैल आहे का, तोंड उघडं आहे का, नळीत पाणी साचलंय का, याच क्रमाने बघा. प्रोंग आणि नाकाच्या पडद्यात 2 मिलिमीटर अंतर दिसायला हवं. ते नसेल तर दोन दिवसांत पडद्याला जखम होते.

लेबर रूममधून बोलावणं आलं आणि पुसून, चोळूनही बाळ रडलं नाही, तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) सुरू व्हायला हवी, मिनिटाला 40 ते 60 वेळा. छाती उचलली जातेय का, हे एवढंच बघायचं. उचलत नसेल तर मास्क पुन्हा बसवा, डोकं सरळ करा, तोंड साफ करा. छाती नीट उचलली जात असताना 30 सेकंदांनंतरही हृदयाचे ठोके मिनिटाला 60 च्या खाली असतील, तरच छाती दाबायला घ्या, तीन दाब आणि एक श्वास. औषधाकडे धावण्याची घाई नको. बहुतेक बाळं नीट दिलेल्या श्वासानेच उठतात.

बाळ पुढे पाठवायचं ठरलं तर रत्नागिरीहून आंबा घाट, चिपळूणहून कुंभार्ली घाट, सिंधुदुर्गातून बऱ्याचदा गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज. पावसात घाटात दरड आली की दोन तासांचे पाच होतात. म्हणून निघण्याआधी समोरच्या डॉक्टरांशी बोलून खाट नक्की करा. तापमान, साखर, श्वास ठीक झाल्याशिवाय गाडी हलवू नका. ऑक्सिजनचा हिशेब करा: बी टाइप सिलेंडर भरलेला असेल तर सुमारे 1500 लिटर, म्हणजे मिनिटाला 5 लिटरने 5 तास. काटा अर्ध्यावर असेल तर अडीच. लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट साठा सोबत हवा. सिरिंज पंप चार्जरवरून काढून दहा मिनिटं बॅटरीवर चालवून बघा. जुनी बॅटरी घाटातच बसते. स्थिर असलेलं लहान बाळ आईच्या किंवा मावशीच्या छातीशी कांगारू पद्धतीने, त्वचेला त्वचा लावून, बांधून न्या.

सोबतच्या आजीशी आधी बोला, कारण घरातला शब्द तिचा असतो. मध, गुटी, पाणी काही चाटवायचं नाही, नाकाकानात तेल नाही, हे तिला कारणासकट सांगा. या काळजीमागे माया असते, म्हणून रागावू नका. आई इथेच मागे राहत असेल तर तिला दिवसातून आठ वेळा, रात्रीसुद्धा, हाताने चीक काढायला सिस्टरकडून शिकवून घ्या. बाळ परत येईल तेव्हा दूध आटलेलं नसावं.