‘सिम्बॉल अनडिफाइन्ड’ आला की आधी काय बघायचं

मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलमधला माझा पहिला ८०८६ प्रोसेसरचा असेंब्ली प्रोग्राम जेमतेम सात ओळींचा, आणि तोही असेंबल होईना, म्हणजे असेंबलर त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करेना. नागपूरचा एप्रिल, लॅबमधल्या कूलरची हवा माझ्या रांगेपर्यंत पोचत नव्हती. स्क्रीनवर तक्रार एकच: ‘एफएफएच’ हा सिम्बॉल अनडिफाइन्ड. त्या नावाचं लेबल, म्हणजे कोडमधल्या एखाद्या जागेला दिलेलं नाव, मी अर्धा तास शोधलं. लिहिलंच नव्हतं, तर सापडणार कुठून? शेजारच्या सीनियर ताईनं विचारलं, “काय शोधून राहिला रे एवढा वेळ?” मग ओळ पाहिली आणि म्हणाली, “एफच्या आधी शून्य लाव.”

एएल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका छोट्या खान्यात, मला २५५ टाकायचे होते, म्हणून हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) एफएफएच लिहिलं होतं; शेवटचा एच हेक्सची खूण. माझ्या लेखी तो आकडा. पण आकड्याची सुरुवात अंकानंच व्हायला हवी. अक्षरानं सुरू झालेला शब्द असेंबलर नाव समजतो आणि त्याचा पत्ता शोधायला जातो. शून्य लावलं, एरर गेला. तेव्हापासून एररमधलं नाव दिसलं की मी आधी स्वतःला विचारतो: हे नाव मी दिलंय का, की दुसऱ्याच कशाला तरी असेंबलर नाव समजून बसलाय?

असेंबलर ढोबळमानानं फाइल दोनदा वाचतो. पहिल्या फेरीत प्रत्येक लेबल आणि त्याचा पत्ता टेबलमध्ये नोंदवतो, दुसऱ्या फेरीत ते पत्ते इन्स्ट्रक्शनमध्ये भरतो. त्यामुळे लेबल खाली आणि त्यावर उडी मारणारा जम्प वर असला तरी बिघडत नाही. नोंद झालीच नसेल, किंवा वेगळ्या नावानं झाली असेल, तरच तो अडतो.

वेगळ्या नावाची नोंद नवख्यांना फार छळते. मासम या जुन्या असेंबलरवर हात बसलेला असतो, तिथे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सहसा पडत नाही. लिनक्सवर नॅझम या असेंबलरमध्ये पडतो. दुसरं म्हणजे टिंबानं सुरू होणारं लेबल. नॅझममध्ये ते वरच्या साध्या लेबलाला चिकटतं: ‘मेन’खालचं ‘.लूप’ खरं तर ‘मेन.लूप’ असतं. मध्ये कुठे नवं साधं लेबल टाकलंत, की त्याखालून ‘.लूप’वर मारलेली उडी हुकलीच. माझा एक ज्युनियर यात अख्खी संध्याकाळ अडकला होता. डीबगिंगसाठी त्यानं मध्येच ‘टेस्ट१’ लेबल घातलं होतं आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

एरर असेंबलरनं दिलाय की लिंकरनं, हेही नीट वाचा. असेंबल झालेल्या फाइल जोडून चालणारा प्रोग्राम बनवतो तो लिंकर, आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हे शब्द त्याचे. नॅझमनं एखादं नाव सापडत नाही म्हटलं की बरेच जण घाईनं त्यावर ‘एक्सटर्न’ लावतात. असेंबलर गप्प होतो खरा, कारण ते नाव दुसऱ्या फाइलमध्ये आहे असं तुम्हीच त्याला सांगितलेलं असतं. मग तीच चूक लिंकरच्या दारात जाऊन उभी राहते. जीएनयूचा असेंबलर तर न सापडलेलं नाव आपणहून बाहेरचं मानतो, त्यामुळे तिथे स्पेलिंगची साधी चूकही थेट लिंकिंगलाच कळते.

अशा वेळी अंदाज बांधत बसू नका, असेंबलरनं बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइलवर ‘एनएम’ चालवा; ही कमांड फाइलमधल्या नावांची यादी दाखवते. प्रत्येक नावाआधी एक अक्षर येतं: यू म्हणजे नाव वापरलंय पण या फाइलमध्ये नाही, मोठा टी म्हणजे कोडमध्ये आहे आणि बाहेरूनही दिसतं, छोटा टी म्हणजे आहे पण फाइलपुरतंच. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये सी-मधून असेंब्लीतलं बेरजेचं फंक्शन बोलवायचं होतं. लिंकर ते नाहीच म्हणायचा, आणि फाइल उघडली की फंक्शन समोर! आम्ही दोन दिवस कंपायलरचे ऑप्शन बदलत बसलो. शेवटी एनएम चालवलं, तर नावाआधी छोटा टी. फाइलच्या डोक्यावर ते नाव बाहेर दिसू देणारी ‘ग्लोबल’ची एक ओळ घातली, पुन्हा असेंबल केलं, टी मोठा झाला आणि लिंकिंग पहिल्या झटक्यात पार पडलं.