गुलाबाची नवी पानं पिवळी का पडली?

नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, आणि माझ्याच अंगणातला गुलाब फिका पडत चाललेला. जीव तुटायचा.

आधी मी युरिया, म्हणजे नत्राचं खत, घातला. ती चूक होती. नत्र कमी असेल तर जुनी, खालची पानं आधी पिवळी पडतात. इथे खालची हिरवीगार होती. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण.

पण आपल्या काळ्या मातीत लोह नसतं का? असतं, मुळांना मिळत नाही. मातीवर व्हिनेगर टाकलं तर फसफसली, म्हणजे चुनखडी भरपूर, आणि तीच लोह अडवून धरते. त्यात मी रोज बोअरचं जड, क्षारांचं पाणी ओतत होते.

द्राक्षबागांमुळे इथल्या कृषी सेवा केंद्रांत चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून संयुगात बांधलेलं लोह, सहज मिळतं. घेताना त्यातला ईडीडीएचए हा प्रकार बघून घ्या. ईडीटीए हा दुसरा प्रकार चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही. लालसर पूड, अर्धा चमचा पाच लिटर पाण्यात, संध्याकाळी मुळाशी दिली. रोजचं पाणी थांबवलं, माती वाफशावर आली, म्हणजे चिखल जाऊन नुसता ओलावा उरला, की मगच देते.

तीन आठवड्यांनी फुटलेली पानं हिरवी आली. काल पहिली कळी दिसली.