हॉटेलच्या वायफायवर बाळाचा कॅमेरा कसा चालवायचा

मे महिन्यात सोलापुरात लग्न म्हणलं की पाहुण्यांची सोय हॉटेलात, हॉल खाली, आणि तान्हं बाळ वर रूममध्ये एसीत आजीपाशी झोपलेलं. आईचा जीव वर अडकलेला असतो म्हणून घरचा वायफाय कॅमेरा बॅगेत टाकून आणतात आणि नेमका हॉटेलात तो कनेक्ट होत नाही. कॅमेरा बिघडलेला नसतो. हॉटेलचं वायफाय जोडलं की आधी लॉगिनचं पान उघडतं, रूम नंबर टाका, मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका, आता कॅमेऱ्याला ना स्क्रीन ना ब्राउझर, तो ते पान भरणार कसं? त्यात बऱ्याच ठिकाणी गेस्ट वायफायवरची डिव्हाईस एकमेकांना दिसू नयेत अशी सेटिंग असते, सेफ्टीसाठी ते बरोबरच आहे, पण सेटअप करताना मोबाईलला कॅमेरा सापडत नाही. शिवाय बहुतेक घरगुती कॅमेरे वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतात, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही.

म्हणून कॅमेरा थेट हॉटेलच्या वायफायला जोडायच्या नादाला लागूच नका, त्याला आपलं छोटं नेटवर्क द्या.

सगळ्यात सोपं म्हणजे रूममध्ये आजीपाशी राहणाऱ्या फोनचा हॉटस्पॉट. त्याचं नाव आणि पासवर्ड घरच्या वायफायचाच ठेवा, अगदी स्पेलिंग, कॅपिटल-स्मॉलसकट तसंच, म्हणजे कॅमेऱ्याला घरीच असल्यासारखं वाटतं आणि परत सेटअप न करता तो आपोआप जोडला जातो. बँड २.४ ठेवा, आयफोन १२ किंवा पुढचा असेल तर ‘मॅक्सिमाईज कंपॅटिबिलिटी’ चालू करा, आणि सिक्युरिटी (पासवर्डच्या सुरक्षेचा प्रकार) डब्ल्यूपीए२, कारण जुन्या कॅमेऱ्यांना डब्ल्यूपीए३ कळत नाही. डेटाचा हिशोब असा की १ एमबीपीएसचा व्हिडिओ सलग बघितला तर तासाला साधारण ४५० एमबी जातात, त्यामुळं क्वालिटी एसडीवर आणा, झोपलेलं बाळ बघायला एचडी कशाला पाहिजे?

दोन-तीन दिवस मुक्काम असेल, नाहीतर रूममध्ये मोबाईलला रेंज नसेल, तर ट्रॅव्हल राउटर घ्या, जीएल डॉट आयनेटचे किंवा टीपी-लिंकचे छोटे मिळतात. कॅमेरा घरीच त्याच्याशी जोडून ठेवायचा. हॉटेलात राउटर तिथल्या वायफायला जोडायचा, मग मोबाईल राउटरला जोडून ब्राउझर उघडायचा, लॉगिनचं पान येतं, ओटीपी टाकला की काम झालं, कारण हॉटेलच्या सिस्टीमला राउटरमागचं सगळं एकच डिव्हाईस दिसतं. पान येत नसेल तर मोबाईलचं व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बंद करा आणि राउटरच्या सेटिंगमधलं डीएनएस रिबाइंडिंग प्रोटेक्शन (लॉगिनचं पान अडवू शकणारी एक सुरक्षा सेटिंग) पण तेवढ्यापुरतं काढा, बहुतेक वेळा घोडं तिथंच अडलेलं असतं. काही हॉटेलांना स्वतःचा राउटर लावलेला चालत नाही, आधी रिसेप्शनवर विचारा. विचारताच आहात तर कॅमेऱ्याच्या स्टिकरवरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे डिव्हाईसचा ओळख क्रमांकपण दाखवा, मोठ्या हॉटेलातले आयटीवाले तो सिस्टीममध्ये टाकून देऊ शकतात, मग लॉगिनची भानगडच राहत नाही.

घरात जुना स्मार्टफोन पडून असेल तर अल्फ्रेडकॅमेरासारखं ॲप टाकून त्याचाच कॅमेरा करा, फोनला ब्राउझर असतोय की, लॉगिन त्याच्यावरच करता येतं. फक्त चार्जिंगला लावून उशीखाली किंवा चादरीत ठेवू नका, सोलापूरच्या उन्हाळ्यात फोन लई तापतो.

आता लाईटचं बघा. दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढलं की बऱ्याच हॉटेलात रूमची लाईट जाते, एसी बंद, कॅमेरा बंद. कुणीतरी घाईत कार्ड घेऊन खाली येतंच. चेक-इन करतानाच दुसरं कार्ड मागून घ्या आणि कॅमेरा, राउटर पॉवरबँकवर ठेवा. वायर पाळण्यापासून किमान तीन फूट लांबच पाहिजे, बाळं वायर ओढतात.

कॅमेरा आहे म्हणून बाळाला एकटं सोडून खाली यायचं नाही, कुणीतरी रूममध्ये पाहिजेच. आजीला कॅमेरा चालू आहे हे सांगा, त्यांना कपडे बदलायचे असतात, लेन्सवर टाकायला एक रुमाल देऊन ठेवा. तोंड बाळाकडं, बाथरूम किंवा कॉरिडॉरकडं नाही. हॉटेलचं लॉगिन ठराविक तासांनी संपतं, तर ते किती वाजता संपणार हे विचारून अक्षतांच्या आधीच परत लॉगिन करून घ्या, ऐन मुहूर्ताला ओटीपी कोण बघत बसणार?