दारावर लावायचा ब्रिजिडचा क्रॉस कसा विणावा

आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारी हा ब्रिजिडचा दिवस; जुन्या गणनेनुसार वसंत याच दिवशी सुरू होतो. प्राचीन आयरिश परंपरेत ब्रिजिड ही दाग्दा या देवाची कन्या, काव्य, वैद्यक आणि लोहारकाम यांची देवता. ख्रिस्ती परंपरेत ती आयर्लंडमधल्याच किल्डेअर या गावाची संत. लोकांच्या श्रद्धेत मात्र या दोघी एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की चूल, दुभती गाय आणि विहीर यांवरची माया नेमकी कोणाची, हे वेगळे काढता येत नाही, आणि माझ्या मते ते काढूही नये.

क्रॉस ३१ जानेवारीच्या संध्याकाळी विणतात. त्यासाठी पाणथळ जागी उगवणाऱ्या, लव्हाळ्यासारख्या हिरव्या गोल काड्या लागतात. त्या कापायच्या नाहीत, हाताने उपटायच्या, असा रिवाज आहे. साधारण वीस-पंचवीस सारख्या लांबीच्या काड्या पुरतात. त्या मिळाल्या नाहीत तर गव्हाचे काड चालते. मात्र ते आधी पाण्यात भिजवून मऊ करावे, नाहीतर दुमडताना तडकते.

एक काडी उभी धरावी. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्यावर अशी अडकवावी की तिची दोन्ही टोके उजवीकडे येतील. आता सगळे घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावे, म्हणजे ती टोके वर जातील. तिसरी काडी दुमडून वर आलेल्या दोन्ही पदरांना कवेत घेईल अशी बसवावी. तिची टोके पुन्हा उजवीकडेच हवीत. यानंतर फिरवणे आणि अडकवणे एवढेच चालू ठेवायचे. प्रत्येक नवी काडी त्या वेळी वर असलेल्या सगळ्या पदरांना वेढते. हळूहळू मध्यभागी विणलेला चौकोन दिसू लागतो.

नवख्याची चूक बहुधा एकाच ठिकाणी होते: फिरवताना अंगठा मध्यावरून सुटतो आणि वीण सैल पडते. म्हणून प्रत्येक काडी मध्याकडे सरकवून घट्ट बसवावी आणि अंगठा तिथेच दाबून ठेवावा. शेवटी क्रॉसच्या चारही हातांची टोके दोऱ्याने करकचून बांधावीत, कारण हिरव्या काड्या वाळताना आक्रसतात आणि आज घट्ट वाटणारी गाठ आठवड्याभरात ढिली होते. मग टोके कात्रीने सारखी करावीत.

हा क्रॉस दाराच्या वर किंवा छताच्या आतल्या बाजूला लावतात. तो घराला आगीपासून राखतो, अशी श्रद्धा आहे. गोठ्यातही एक लावण्याची पद्धत होती. काही घरांत उपटून आणलेल्या काड्या आधी दाराबाहेर ठेवत, ब्रिजिडला आत घ्या अशी हाक बाहेरून येई, आतून तिचे स्वागत होई, आणि मगच सगळे जेवायला बसत.

त्याच रात्री कापडाचा एक तुकडा खिडकीबाहेर ठेवावा. जाता जाता ब्रिजिड त्याला स्पर्श करते, असे मानतात. सकाळी दवाने ओलसर झालेले ते कापड घरात आणून वर्षभर जपतात आणि कोणाचे डोके दुखू लागले की कपाळाला बांधतात.