गोव्याच्या उकाड्यात पंखा लावून झोपताना

आमच्या डिचोलीत मे महिन्यात रात्रीही घाम सुकत नाही. पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम उडवतो. म्हणून बाहेर गार झालं की टेबल फॅन खिडकीजवळ आतल्या दिशेने ठेवा आणि समोरचं दार किलकिलं ठेवा. झोत तोंडावर नको, घसा आणि डोळे कोरडे पडतात. सासूबाईंची मान पहाटे आखडायची. पंखा पायांकडे वळवला, तेव्हा त्यांना बरं वाटलं. मच्छरदाणीत वारा कमी लागतो, तरी ती काढू नका, वेग वाढवा. पात्यांवरची धूळ स्विच बंद करून ओल्या फडक्याने पुसाच. पावसाळ्यात ती दमटपणाने चिकटून बसते. नवा घेणार असाल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या बिनब्रशच्या मोटरचा पंखा बघा: छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, हा ३०च्या आसपास.