पतीला पेरोनीचा आजार झाल्यास सोबत कशी करावी आणि शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्यावा

मूत्ररोग विभागात समुपदेशनासाठी बसल्यावर नेहमी दिसणारे दृश्य असे, की नवरा आत डॉक्टरांसमोर असतो आणि बायको बाहेर मांडीवर फाइल घेऊन बसलेली असते. विचारले तर ‘यांना जरा त्रास आहे’ एवढेच सांगते. पतीची हरकत नसेल तर आपणही आत जाऊन बसावे.

आजार समजून घ्या

लिंगाला ताठरता आणणाऱ्या दोन नळ्यांभोवती एक चिवट आवरण असते. त्या आवरणात व्रणाचा कठीण पट्टा तयार झाला, की ताठरतेच्या वेळी तेवढा भाग ताणला जात नाही आणि लिंग त्या बाजूला वळते. पंधराव्या लुईच्या दरबारातील शल्यविशारद फ्रांस्वा द ला पेरोनी यांनी १७४३ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून आजाराला त्यांचे नाव पडले. संभोगाच्या वेळी नकळत बसणारे लहान हिसके आणि जखम भरताना जास्त व्रण धरण्याची शरीराची प्रवृत्ती, अशी याची कारणमीमांसा केली जाते. हा कर्करोग नाही, संसर्ग नाही आणि बाहेरख्यालीपणाचा पुरावा तर मुळीच नाही. तरुणपणीच्या सवयींचे हे फळ आहे, असे सांगणाऱ्या ‘गुप्तरोगतज्ज्ञा’च्या पायऱ्या पुन्हा चढू नयेत. पतीचा तळहात मात्र एकदा पाहावा, कारण अनामिकेच्या खाली दोरीसारखी गाठ असेल किंवा ते बोट आत ओढले जात असेल, तर तो याच जातीचा विकार आहे आणि डॉक्टरांना तो सांगायला हवा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर तपासून घ्यावी.

आजार शांत होईपर्यंत थांबा

पहिल्या टप्प्यात दुखते आणि बाक वाढत किंवा बदलत असतो; हा काळ बहुधा सहा महिने ते दीड वर्ष चालतो. नंतर दुखणे बहुतेकांचे थांबते, बाक मात्र थोड्याच जणांचा आपोआप कमी होतो. आजार सुरू होऊन साधारण वर्ष झालेले नसेल आणि निदान तीन ते सहा महिने बाक जसाच्या तसा राहिलेला नसेल, तर शस्त्रक्रिया करू नये. घाई करणारा शल्यविशारद भेटला तर दुसरा शोधावा.

या काळात व्हिटॅमिन ईच्या हिरव्या कॅप्सूल सर्रास लिहून दिल्या जातात. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्या देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देण्याच्या शॉकवेव्ह उपचाराने दुखणे कमी होऊ शकते, बाक सरळ होत नाही. पट्ट्यात इंजेक्शने देण्याचा मार्ग खरा आहे. त्यांपैकी कोलॅजेनेज या व्रणातले तंतू विरघळवणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली, पण बाक किमान तीस अंशांचा आणि ताठरता चांगली असेल तरच त्याचा विचार होतो. तेल लावून किंवा हाताने दाबून सरळ करण्याचा उद्योग कोणीही करू नये; त्याने आवरणाला नवी इजा होते.

संबंध ठेवायला हरकत नाही. मात्र जोर लावू नये, वंगण वापरावे आणि पत्नी वर असण्याची स्थिती टाळावी, कारण त्यात लिंग अचानक मुडपण्याचा धोका अधिक असतो. आपल्याला दुखत असेल तर ते त्याच वेळी सांगावे. निमूट सोसणाऱ्या बायकोचे आखडलेले अंग नवऱ्याला कळतेच आणि तो त्याचा अर्थ नकोसेपणा असा लावतो. शुक्रजंतूंवर या आजाराचा परिणाम होत नाही, तेव्हा मूल हवे असलेल्या जोडप्यांनी त्या काळजीने शस्त्रक्रियेची घाई करू नये.

मोजमाप घरीच करा

ताठर अवस्थेत वरून आणि बाजूने असे दोन फोटो पतीने स्वतः काढावेत आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने कोन मोजावा. त्यानंतर बाकाच्या बाहेरच्या बाजूने मुळापासून टोकापर्यंत दोरा धरून लांबी घ्यावी आणि आतल्या बाजूनेही तशीच घ्यावी. हे दोन आकडे जपून ठेवावेत. रुग्णालयात इंजेक्शनने ताठरता आणून रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी होते, ती शस्त्रक्रियेपूर्वी करावीच. घरी आल्यावर ताठरता चार तास उतरली नाही, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

अपेक्षा जुळवा : खरी अवघड पायरी

समुपदेशनात मी सर्वांत जास्त अडखळले ती याच जागी. कोन, पट्टा आणि टाके यांविषयी डॉक्टर नीट सांगतात, पण ‘ऑपरेशन झाले की सगळे पूर्वीसारखे होईल’ ही समजूत नवरा-बायको दोघेही मनात धरून बसलेली असतात आणि एकमेकांना ती बोलून दाखवत नाहीत. पूर्वीसारखे होत नाही. आजाराने लांबी आधीच घटलेली असते आणि शस्त्रक्रिया ती परत आणत नाही. वीस अंशांपर्यंतचा उरलेला बाक वैद्यकीय हिशेबात यशच धरला जातो.

नवरा हॉलमध्ये टीव्ही पाहता पाहता तिथेच झोपू लागला, की बायको धीर देण्यासाठी म्हणते, ‘मला काही फरक पडत नाही.’ हे वाक्य म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याला फरक पडत असतो, आणि त्या वाक्याने विषय मिटतो. त्याऐवजी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे : आज नेमके काय जमत नाही? प्रवेश होत नाही, प्रवेश होतो पण दुखते, ताठरता मध्येच जाते, की केवळ पाहून लाज वाटते? मग कागद बदलून वाचावेत. कित्येकदा त्याच्या कागदावर लाज असते आणि तिच्या कागदावर महिनोन्‌महिने कोणी जवळ घेतले नाही हे असते. या दोन्हींवर शस्त्रक्रिया हा उपाय नव्हे. प्रवेशच होत नसेल किंवा दर वेळी दुखत असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार रास्त आहे.

चाळीस अंशांचा बाक असूनही काही जोडप्यांचे व्यवस्थित चालते, तर बाक खाली वळलेला असल्यास त्याहून कमी अंशांतही अडते. म्हणून ‘इतके अंश म्हणजे ऑपरेशन’ असे कोणी सांगितले तर मानू नये. आणि ‘तुझ्यासाठी करतो आहे’ असे पती म्हणत असेल, तर थांबावे. उद्या टोक बधिर झाले तर ते ओझे तुमच्या माथी येते.

शस्त्रक्रियेचा प्रकार ठरवा

शिंपी लांब झालेल्या बाजूला चुणी घालून कापड सारखे करतो, तसे पहिल्या प्रकारात बाहेरच्या, लांब बाजूला टाके घालून ती आखूड बाजूइतकी केली जाते. ताठरता चांगली, बाक साधारण साठ अंशांच्या आत आणि मध्येच कंबर पडल्यासारखी खाच नसेल, तर हाच मार्ग बरा. दोऱ्याने घेतलेल्या दोन लांबींमधला फरक म्हणजे यात जाणाऱ्या लांबीचा ढोबळ अंदाज, आणि तो आकडा दोघांनीही मान्य केल्याशिवाय संमतिपत्रावर सही होऊ नये.

बाक त्याहून मोठा किंवा खाच असेल, तर पट्ट्याला छेद देऊन तिथे शिरेचे किंवा अन्य ऊतीचे ठिगळ लावतात. लांबी अधिक टिकते, पण ताठरता कमी होण्याचा धोका वाढतो. ती आधीच डळमळीत असेल तर याच्या वाटेला जाऊ नये. गोळ्यांनीही ताठरता येत नसेल, तर लिंगात कृत्रिम रोपण बसवून त्याच वेळी बाक सरळ करतात. हे रोपण काढले तरी नैसर्गिक ताठरता परत येण्याची आशा धरता येत नाही, हे आधी समजून घ्यावे.

शल्यविशारदांना विचारायचे ते असे : यातील कोणता प्रकार आपण स्वतः नियमित करता, सुंता करावी लागेल का, आणि बधिरपणा आल्यास किती काळ राहतो?

नंतरचे आठवडे

सुमारे सहा आठवडे संबंध पूर्णपणे बंद. रात्री आपोआप येणारी ताठरता सुरुवातीला दुखते, त्यासाठी औषध आधीच मागून घ्यावे. टाक्यांच्या गाठी कातडीखाली बोटाला लागतात; तो आजार परतलेला नाही. सूज उतरेपर्यंत मोजपट्टी कपाटात ठेवावी, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरची पहिली वेळ पत्नीला वाटेल तेव्हाच, वंगण घेऊन आणि जोर न लावता.